पेंढ्यात कोणी नव्हतं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेखाली मोहिनी, म्हणजे बाईचं भूत, दिसते म्हणून बायका वळसा घालून पाण्याला जायच्या. मी त्याच झाडाच्या चिंचा पाडून आणून पाडव्याचं सांबार केलेलं आहे. अंगात येणाऱ्या एका मामींना मी एकदा अख्खी घागर डोक्यावर ओतून शुद्धीवर आणलं होतं... त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा पुढचं वाचून माझं डोकं फिरलं असं वाटलं तर खुशाल वाटू द्या, पण मला भित्री म्हणू नका.

नावं लिहिणार नाही. ह्यांच्यावरचं वॉरंट अजून रद्द झालेलं नाही.

आम्ही तंजावरचे. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरं आहेत, त्यांतलं एक आमचं. आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी वाचणारे आता थोडेच राहिलेत. मला वडिलांनी बळेच शिकवली, म्हणून हे लिहिता येतंय. ह्यांनी – म्हणजे माझ्या यजमानांनी – एका सभेत सरकारविरुद्ध भाषण केलं, वॉरंट निघालं, आणि पोलीस पुढच्या दारात मला दरडावत असताना हे परसातून निसटले ते थेट कारैकालला पोचले. कारैकाल म्हणजे तंजावर जिल्ह्याच्या पोटातच, समुद्राच्या बाजूला, फ्रेंचांचा एक तुकडा. पाणी कावेरीचंच, भात तोच, बोली तीच. पण इंग्रजांच्या पोलिसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. हे तिथे एका व्यापाऱ्याच्या मुलांना गणित शिकवू लागले.

मला तिथे कायम राहायचं तर फ्रेंच कचेरीचा परवाना हवा. अर्ज दिला. तो पडून राहिला. तोवर मी नवऱ्याच्या घरी पाहुणी – थोडे दिवस राहायचं आणि परत फिरायचं. कचेरीतल्या कारकुनाने बजावलं होतं, "बाई, सरहद्दीवर तुमच्यापाशी एक चोरटी बाटली जरी सापडली, तर परवान्याचं नाव काढू नका."

परत यायला दुसरंही कारण होतं. तंजावरला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि त्यांचं सगळं करायला माझी विधवा नणंद एकटी. वन्सं अंगानं काडी. सासूबाईंना कुशीवर वळवायलासुद्धा दुसरा हात लागायचा.

कारैकालहून आगगाडी आहे, पण त्या गाडीत कस्टम्सवाले बायकांना एका खोलीत नेतात, लुगडं सोडायला लावतात आणि केसांत बोटं घालून पाहतात. एकदा ते सोसलं. मग मी येताना मुत्तूच्या बैलगाडीनं येऊ लागले. (हे त्याचं खरं नाव नाही.) तो फ्रेंच बाजूचा पेंढा विकत घेऊन इकडे विकायचा. मी त्या ढिगावर बसायचे आणि पुढे स्टेशनावर उतरून आगगाडी धरायचे. चार माणसं हसली असतील. हसोत.

सरहद्दीवर इंग्रजांची चौकी. तिथला जमादार दांडगा, आणि त्याच्या हातात पुरुषभर उंचीची टोकदार लोखंडी सळई. गवताची गाडी आली की ती सळई आत खुपसायची. बाटली असली तर फुटते, रेशमाचा गठ्ठा असला तर टोकाला धागा येतो. हे काम तो फार आवडीनं करायचा. माझ्यासमोर त्याने एकदा एका म्हाताऱ्याच्या गाडीत अशी सळई मारली की ती तळातून निघून बैलाच्या मांडीत घुसली. बैल खाली बसला. म्हातारा रडू लागला, तर जमादाराने त्याला थोबाडीत दिली – रस्ता अडवलास म्हणून.

तर मी ज्या दिवसाचं सांगतेय, तो लख्ख उन्हाचा. मी गाडीतून उतरून बाजूला उभी होते. जमादाराने वरून दोनदा खुपसलं. मग डाव्या चाकाच्या मागे गेला, गुडघ्यावर वाकला आणि खालून, तळाशी, पूर्ण जोर लावून सळई आत घातली. बाहेर काढली तेव्हा ती हातभर लाल होती.

पानाची पिंक नव्हती. मी तीन जणींची बाळंतपणं केलेली बाई आहे आणि रक्त कसं वाहतं, कसं दाटतं ते मला ठाऊक आहे. ते सळईवरून ओघळून जमादाराच्या मनगटापर्यंत आलं. वासही आला.

"डेय! कोण आहे आत?"

मुत्तू म्हणाला, "कोणी नाही सामी."

पहिला दंडुका त्याच्या तोंडावर बसला. मग दोन शिपायांनी त्याला चाकाला बांधला आणि बाकीच्यांनी पेंढा उपसायला घेतला. पेंडी काढायची, विचारायचं, मारायचं. त्याचं नाक मोडलं. मी मधे गेले तर एकाने मला ढकललं, मी कोपरावर पडले. सगळा पेंढा रस्त्यावर आला. गाडीची फळी न् फळी उघडी पडली.

आत काही नव्हतं. माणूस नाही, कोंबडी नाही, उंदीर नाही. पेंढ्यावर एक लाल ठिपका नाही... आणि सळई मात्र ओलीच.

जमादार सळईकडे बघत राहिला. मग त्याने ती गवतानं पुसली, गवत फेकलं आणि म्हणाला, "जा. लवकर जा."

गाडी पुन्हा मी भरली. मुत्तूला उभं राहवत नव्हतं. वाटेत तो एकदाच बोलला. "अम्मा, आज मी कोणाला आणलं नव्हतं."

"आज म्हणजे? एरवी आणतोस?"

त्यावर त्याने फक्त रक्त थुंकलं.

घरी आल्यावर मी स्वतःला समजावलं, जमादाराला आधीच कुठे लागलं असेल, त्याचंच रक्त असेल. त्याचे दोन्ही हात मी पाहिले होते आणि त्यांवर ओरखडा नव्हता. पण घरात कामं होती. मी विषय सोडून दिला.

पुढच्या वेळी निघाले तेव्हा सासूबाईंचं अन्न तुटलं होतं. वन्सं म्हणाल्या, "वैनी, तिला बाकी कशाची शुद्ध नाही. फक्त विचारते, तो आला का. कसंही करून आण त्याला."

मी कारैकालला जाऊन ह्यांना सांगितलं. हे ऐकून घेऊन म्हणाले, "मुत्तूशी बोलणं झालंय. त्याने माझ्या ओळखीचे दोघे असेच नेलेत. उद्या मी तुझ्याबरोबर येतोय."

"कसे?"

"पेंढ्यातून. तो आत एक पोकळी ठेवतो. पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडायचं."

"पोकळी कुठे ठेवतो?"

"डाव्या चाकाच्या मागे, तळाशी. तिथवर सळई सहसा पोचत नाही म्हणतो."

माझ्या हातात मुसळ होतं. मी पिठासाठी तांदूळ कांडत होते. ते मी भिंतीला टेकवलं आणि चौकीवर पाहिलं ते सगळं सांगितलं. हे हसले.

"तू? तू सांगतेयस हे? त्या मामींच्या डोक्यावर घागर ओतणारी?"

"मीच सांगतेय. म्हणून तरी ऐका."

"उन्हात डोळ्यांपुढे लाल दिसतं, शास्त्र आहे त्याला."

"मुत्तूचं नाकही शास्त्रानं मोडलं का?"

"हे बघ, माझी आई मरतेय. मी एकुलता एक. मी अग्नी द्यायलासुद्धा नसेन तर मी कशाला जन्मलो?"

"तुम्ही त्या गाडीत मेलात तर अग्नी तुम्हालाच द्यावा लागेल."

"तर दे. पण मी उद्या जाणार."

ह्यांना मी ओळखते. हे मवाळ आहेत, पण एकदा "जाणार" म्हणाले की बैल लावूनही मागे ओढता येत नाहीत. परवाना, चौकी, सळई, सगळं सांगून झालं. हे धोतर बदलायला उठले. म्हणजे आता मुत्तूकडे जाणार, आणि उद्या त्या पोकळीत पाय पोटाशी घेऊन पडणार.

ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला पाय पोटाशी घेता येत नाही.

मी मुसळ उचललं आणि ह्यांच्या उजव्या गुडघ्यावर घातलं. टोकाच्या लोखंडी कड्याच्या, वसवीच्या बाजूनं. वाटी फुटल्याचा आवाज आला – नारळ फोडताना येतो तसाच. हे खाली पडले, आणि मी दुसरा घाव घालायला मुसळ वर नेलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरलेले नाही. दुसऱ्याची गरज पडली नाही.

घरमालकिणीला सांगितलं, विहिरीवर घसरले. हाड बसवणारा आला, त्याने गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

सकाळी मुत्तू गाडी भरून दाराशी आला. मी म्हटलं, "ते येत नाहीत. मी एकटी." घरमालकीण ह्यांच्याजवळ थांबणार होती, आणि तिकडे वन्सं एकट्या होत्या. मी जाताना हे भिंतीलाच म्हणाले, "आईला सांग, मी निघालो होतो."

पोकळी तशीच रिकामी होती. चौकीपाशी आलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. जमादाराने मला ओळखलं.

"अम्मा, मागच्या खेपेला तुझ्या गाडीला रक्त आलं होतं की. आज कशी आहे?"

शिपाई हसले. तो वर बघायलाही गेला नाही. सरळ डाव्या चाकाच्या मागे, गुडघ्यावर वाकून, त्याच जागी. अशी मारली की गाडी हलली. सळई फळीत रुतली, ओढायला दोघे लागले. मी डोळे मिटले नाहीत. बाहेर आली ती कोरडी ठणठणीत, चकचकीत. त्याने बोट फिरवून पाहिलं, नाकाशी नेलं.

"आज गाडीला रक्त नाही," म्हणाला. "जा."

गाडी पुढे निघाली आणि मी मनात हिशोब मांडू लागले. सळई इतकी खोल गेली होती, म्हणजे हे आत असते तर गेलेच असते, हे खरं. पण मागच्या वेळचं रक्त मग कोणाचं? की नव्हतंच? मला उन्हात लाल दिसलं असेल तर मी नवऱ्याचा पाय उगीच मोडला होता, आणि त्याची आई त्याच्यावाचून मरणार होती.

तंजावरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात माणसं. चुलत दीर स्नान करून ओलेत्यानं उभे होते. अग्नी त्यांनाच द्यायचा होता.

"दुपारी गेली," वन्सं म्हणाल्या. "ऊन माथ्यावर असताना. बरी होती गो... मी पाणी पाजत होते. एकदम डावी कूस धरली आणि म्हणाली, 'कोण टोचतंय मला?' आणि झालं."

सासूबाईंना न्हाऊ घालायचं माझ्यासाठी थांबवलं होतं. वन्संनी मान धरली, मी पाणी ओतत होते. डावा हात वर उचलला तेव्हा काखेच्या खाली, बरगड्यांमधे, एक भोक दिसलं. गोल. कडा स्वच्छ, आत काळं. रक्ताचा थेंब नाही, ना अंगावर, ना अंथरुणावर. मी काही म्हणायच्या आत वन्संनी करंगळी लावून पाहिली, ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. त्यांनी हात झटकन ओढला आणि करंगळी पदराला पुसली.

"सकाळी हे नव्हतं," म्हणाल्या. "मी सकाळी अंग पुसलंय, वैनी. नव्हतं."

मी तिथे तांब्यानं पाणी ओतलं. पाण्याबरोबर आतून एक काडी वाहून आली, नखाएवढी, पिवळी, भाताच्या पेंढ्याची. आमच्या घरात गाय नाही. सासूबाई कापसाच्या गादीवर होत्या आणि कित्येक महिन्यांत त्या खोलीबाहेर आल्या नव्हत्या.

आम्ही लुगडं गुंडाळलं. बाहेर कोणाला सांगितलं नाही.

दिवस झाल्यावर मी कारैकालला गेले. त्याच आठवड्यात परवाना आला... कारकून म्हणाला, "तुमचं नशीब, कुठे काही भानगड नाही." ह्यांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, काडीसकट. लपवून काय करायचं?

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होतातच."

"पाठीला होतात. कंबरेला होतात. काखेखाली नाही. आणि सकाळी नव्हती."

"काडी तुझ्याच लुगड्याची असेल. तूच दिवसभर पेंढ्यावर बसून आली होतीस."

"न्हाऊ घालायच्या आधी मी स्वतः न्हाले होते. लुगडं धुतलेलं होतं."

ह्यांनी मोडक्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच, "मी त्या दिवशी गाडीत असतो, तर आई जगली असती?"

"तुम्ही नसता जगलात."

"मी ते नाही विचारलं."

 पहिल्या खेपेला सळईवर रक्त होतं आणि पेंढ्यात कोणी नव्हतं. दुसऱ्या खेपेला सळई कोरडी होती आणि वीस-पंचवीस कोसांवर एक म्हातारी भोसकली गेली. ह्यातलं एकही मला कोणाला पटवून देता येणार नाही. इथल्या एका डॉक्टरला विचारलं, एका भटजींना विचारलं. डॉक्टर म्हणाले किडे पडले असतील, भटजी म्हणाले शांती करा. दोघांनीही मला वेडी ठरवलं, फक्त वेगवेगळ्या शब्दांत.

आम्ही दोघं आता इथेच असतो. मुत्तू अजून पेंढा वाहतो, पण गाडीच्या डाव्या बाजूला त्याने लोखंडी पत्रा ठोकून घेतलाय. ह्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मुसळ मी माळ्यावर टाकलं, पीठ गिरणीतून आणते. रोज सकाळी केर काढताना मी म्हणते, "पाय वर घ्या." हे डावा घेतात. उजवा वाकत नाही, तो मीच हातानं उचलून बाकावर ठेवते, खालचा केर काढते आणि पुन्हा खाली ठेवते.