‘अजून नाही’ म्हणणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधा कवठेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भांडणात. म्हणजे भांडत मी एकटाच होतो, आणि तेही तिथे हजर नसलेल्या माणसाशी. चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत उभा राहून मी तावातावाने सांगत होतो, की पाणीपुरवठ्याच्या तक्रारींसाठी आमच्या मोहालीच्या कंपनीने एवढं सुंदर ॲप केलं, आणि सरकारी अधिकारी ते उघडूनसुद्धा बघत नाहीत. कामचुकार लेकाचे! पुढे उभ्या असलेल्या बाई मागे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “आता त्या अधिकाऱ्याची बाजू सांगा बघू.” मी सांगितली. “अजून नाही,” त्या म्हणाल्या. मी जरा वेगळ्या शब्दांत सांगितली. “अजून नाही. त्याने ऐकून ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं म्हटलं पाहिजे.” तेवढ्यात रांग पुढे सरकली, त्यांनी खिरापत घेतली आणि त्या गेल्या. मी एअरोसिटीतल्या घरी पोचेपर्यंत धुसफुसत होतो.

ही बाई कोण, हे मंडळातल्या लोकांनी सांगितलं. यजमानांच्या केंद्र सरकारी बदलीबरोबर त्या सांगलीहून इथे आल्या. यजमान निवृत्त झाले तरी दोघं इथेच राहिली, कारण तोवर ताईंनी विद्यापीठात एक फेलोशिप उभी केली होती. नोकरीत मुरलेले पत्रकार, कॉम्प्युटरवाले आणि सरकारी धोरणं राबवणारे अधिकारी अशा तीन जातींच्या माणसांना वर्षभर एकत्र बसवायचं, असा तो उद्योग. एरवी ही मंडळी एकमेकांना पाण्यात पाहतात. पुढच्याच वर्षी मी अर्ज केला. खरं सांगायचं तर शिकायला नव्हे, त्या बाईंना एकदा निरुत्तर करावं म्हणून!

ते काही जमलं नाही, जमणारही नाही. ताईंच्या फेलोशिपचा प्राण म्हणजे बुधवार. बुधवारी प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडायची, आणि ज्याची बाजू आहे त्याने मान्य करेपर्यंत खाली बसायचं नाही. समोरच्याने “अभी नहीं” म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या वाट्याला आले पाणीपुरवठा खात्यातले नेगीजी, म्हणजे माझं ॲप न उघडणाऱ्यांपैकीच एक. मी घामाघूम होऊन बोलत होतो आणि ते गालात हसत “अभी नहीं जी” म्हणत होते. शेवटी बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. तक्रार उघडली की आमच्या ॲपमध्ये मुदत सुरू होत होती, पण पाइप दुरुस्त करणारा विभाग नेगीजींच्या हाताखाली नव्हताच. उघडावं तर ठपका यांच्यावर, काम दुसऱ्याचं. न उघडणं हाच शहाणपणा! नेगीजींनी टेबलावर थाप मारली, “हाँ जी, पक्का यही!” ते ॲप मग आम्ही दोघांनी मिळून नव्याने बांधायला घेतलं.

ताईंच्या मायेबद्दल लिहिलं तर त्यांना आवडणार नाही, म्हणून आवर्जून लिहितो. त्या हिवाळ्यात माझी आई लातूरहून आली होती. दिवसभर धुकं, बाहेर कुणाशी बोलायची सोय नाही, आणि नातू मराठी समजूनही “दादी, बाद में” म्हणून सटकणारा. आई कोमेजत चालली होती. मी हे ताईंजवळ सहज बोललो. पुढच्या रविवारी त्या मनीमाजऱ्याच्या बाजारातून ज्वारीचं पीठ शोधून घेऊन दारात हजर! “आजी, मला भाकरी थापता येत नाही, शिकवा,” म्हणाल्या. सांगलीच्या बाईला भाकरी येत नाही, यावर माझा आजही विश्वास नाही. पण आईने पदर खोचला. ताईंची भाकरी परातीतच मोडली, तशी आई म्हणाली, “न्हाई जमली आजून. पुन्हा थाप!” इतकं मनापासून हसताना मी ताईंना आधी पाहिलं नव्हतं. परत जाईपर्यंत आईचा रविवार ठरलेला होता.

आणि मग ती बैठक. वर्ष अर्ध्यावर आलं होतं. विद्यापीठाच्या समितीवर सेखों साहेब नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी फेलोशिप ताबडतोब बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. माझ्या जागी कंपनीने दुसरा माणूस बसवला होता. नवं ॲप पूर्ण करून आणलं तरच मला परत घेणार होते, आणि ते नेगीजींच्या खात्यात चालवून पाहायची परवानगी फेलोशिपमुळेच मिळाली होती. आमच्यातली पत्रकार हरप्रीत तर नोकरी सोडून आली होती. बैठकीला आम्हाला मागे बसायची मुभा मिळाली. हरप्रीतने जळजळीत भाषण तयार करून ठेवलं होतं. ताईंनी तिला हातानेच थांबवलं आणि त्या उभ्या राहिल्या.

उभ्या राहिल्या आणि फेलोशिप का बंद करावी, हे सांगू लागल्या! “ये सब कमाने वाले लोग हैं. साल भर के लिए आते हैं, होस्टल का पूरा विंग घेर लेते हैं. हमारे अपने स्टूडेंट बाहर कमरे ढूँढते फिरते हैं.” ताईंचा आवाज अगदी स्थिर होता. नेगीजी माझ्या कानात कुजबुजले, “मैडम ने तो हथियार डाल दिए यार.” मलाही तसंच वाटलं. इतके बुधवार ताईंबरोबर काढलेले आम्ही, पण त्या घटकेला कुणालाही बुधवार आठवला नाही.

“सर, मैंने आपकी बात ठीक कही?” ताईंनी विचारलं. सेखों साहेब गोंधळले. मग म्हणाले, “एक गल, एक बात रह गई, मैडम. पिंडों से, गाँवों से लड़कियाँ आती हैं. कमरा न मिले तो माँ-बाप वापस ले जाते हैं. पढ़ाई वहीं ख़तम.” ताईंनी ते जसंच्या तसं आपल्या बोलण्यात जोडलं आणि पुन्हा विचारलं. साहेबांचा चेहरा सैल झाला. “हाँ जी. बस, एही गल है.”

“तो अब आपकी बारी, सर. हमारी बात आप कहिए.”

साहेब हसले, पण माणूस खिलाडू. त्यांनी सुरुवात केली. ताई म्हणाल्या, “अभी नहीं.” समितीतले लोक चपापले. साहेबांनी पुन्हा मांडलं. पुन्हा “अभी नहीं.” तिसऱ्या खेपेला ते बोलता बोलता थबकले आणि आमच्याकडे बघत म्हणाले, “यानी इन लोगों को कमरा नहीं, एक-दूसरे का साथ चाहिए. कमरा तो ये कहीं भी ले लेंगे.” “हाँ जी, यही,” ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. विंग मुलींना मिळाला, फेलोशिप राहिली. वसतिगृहात राहणाऱ्या फेलोंनी मनीमाजऱ्यात मिळून घर केलं. हरप्रीत बाहेर येऊन ओक्साबोक्शी रडली. सुटलो, ही एकच भावना होती!

कँटीनमध्ये ताईंनी माझ्यापुढे चहा सरकवला. मला मराठीत हळूच म्हणाल्या, “अरे, मला वाटलं, तो ‘एही गल’ म्हणेल आणि सही करून मोकळा होईल.” म्हणजे त्याही घाबरल्या होत्या तर! घाबरलेल्या असताना विरोधकाची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, हे धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. त्यानंतर मला ताईंविषयी जे वाटतं त्याला आदर हा शब्द अपुरा आहे.

माझं ॲप झालं, नोकरी शाबूत राहिली. सेखों साहेब आता अधूनमधून बुधवारी येऊन बसतात आणि आमच्यापेक्षा जोरात “अभी नहीं” म्हणतात.

ताईंच्या एकसष्टीच्या या ग्रंथासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांची परवानगी मागितली. त्यांनी एकच अट घातली: “छापण्याआधी मला वाचून दाखव.” त्याप्रमाणे हे सगळं मी त्यांच्यासमोर बसून वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “अजून नाही.”

ताई, मला याचा आनंद आहे. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्ही दर वर्षी तुमची बाजू नव्याने मांडत राहू, आणि तुम्ही आम्हाला असंच पुन्हा उभं करत राहा. तुमच्या तोंडचं ते ‘हो, हेच’ आम्हाला इतक्यात ऐकायचं नाही.