कमरेतली उसण

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. दीर फौजेत होता आणि त्याची नवी बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, माणच्या कोरड्या मुलखातून आमच्या कोरेगावकडच्या घरात आली होती. तोवर गुऱ्हाळ लागलं की फडातून चरकाकडे उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बायकांच्या रांगेत पुढे मी असायची. थोरल्या सुनेचा तो मान होता आणि मला तो कुणाला द्यायचा नव्हता.

मोळी एकटीला उचलवत नाही, दुसरीला हात लावावा लागतो. आम्ही सगळ्या कमरेत वाकायचो आणि हात लावायला कोण येते म्हणून खोळंबायचो. धाकटी मात्र मोळी उभी करायची, तिच्यापुढे उकिडवी बसायची, मोळी खांद्यावर आडवी घ्यायची आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर उठायची. तिला कुणाचा हात लागायचा नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"बसून काय उचलतीस, बाळंत व्हतीयास का काय?" मी म्हटलं. बायका हसल्या. तीही हसली, याचाच मला जास्त राग आला.

पुढे एकदा सासूबाई म्हणाल्या, "थोरले, आजपासनं धाकटीला पुढं चालू दे. तुझ्यापायी रांग थांबती." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी कुणाला हात लावू दिला नाही. वाकले, हिसका दिला, आणि कमरेत अशी उसण भरली की तिथंच पाचटावर आडवी झाले.

उसण भरली की पायाळू माणसाने, म्हणजे जो आईच्या पोटातून पायाकडून जन्मला त्याने, कमरेला पाय लावायचा, हा आमच्याकडचा उपाय. "वस्तीत पायाळू कोन हाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, मीच हाय की," धाकटी म्हणाली.

मी पालथी पडले होते. तिचा पाय माझ्या कमरेवर आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आक्का, बसून उठत जावा," ती म्हणाली. "कमरंवर भार घेऊ नगा."

पुन्हा कामावर गेले तेव्हा मला वाकवेना. मग नाइलाजाने, ती नसेल तेव्हा, बसून उठायचा सराव केला. एके दिवशी मोळी घेऊन एका दमात उभी राहिले, कुणाचा हात न घेता. सासूबाई बघत होत्या. त्या खुशीत म्हणाल्या, "आता कसं! अगदी धाकटीगत उचलतीस."

मी रांगेत धाकटीच्या मागे जाऊन उभी राहिले.