गोठ्यात कोण झोपतं?

प्लेट बघून मला आधी रागच आला. वाटलं, आपलंच कुठंतरी चुकलंय.

आमचं काम तसं साधं. गोचिडीमुळं येणारा ताप कुठल्या गावात किती मुरलाय, ते रक्तावरून शोधायचं. जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ताप उतरतो, माणूस विसरून जातो, रक्त मात्र बराच काळ विसरत नाही. त्यासाठी एलायझा नावाची टेस्ट असते. बारीक खळग्यांची प्लास्टिकची प्लेट. अँटिबॉडी असेल तर खळगा पिवळा होतो, नसेल तर पाण्यासारखा राहतो.

तामलवाडीकडच्या वस्तीवरचं एक घर. घरातल्या बायका सगळ्या पिवळ्या, पुरुष सगळे पाणी.

"प्लेट परत लावा," सर म्हणाले.

"लावली सर. तेच आलं."

"म्हणजे गोचीड आता बाई बघून चावते?"

मला हसू आलं नाही. एकच रान, एकच घर, आणि रक्त अर्ध्यात वाटलेलं. दुसऱ्या दिवशी जीप काढली.

पुरुष रानात गेले होते. अंगणात घरच्या सासूबाई, मालनबाई, बसल्या होत्या. थोरली सून संगीता चुलीपाशी. आणि बाजेवर मालनबाईंची कॉलेजला जाणारी मुलगी कोमल, तापानं फणफणलेली. आम्ही रक्त घेतलं त्या दिवशी ती कॉलेजात होती, म्हणून प्लेटवर नव्हती.

"टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, काय उपेग न्हाय," मालनबाई म्हणाल्या. "बाहेरचं लागलंय तिला. गोठ्यातलं. मागच्या साली धाकटी सून अशीच गेली. तिलाबी भिंत चालताना दिसायची."

"भिंत?"

कोमलनं डोळे उघडले. "माझ्याकडं येती, मॅडम. हळूहळू."

भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. तिचा हात हातात घेतला तर तळव्यावर लाल ठिपके. पायाच्या तळव्यांवरही तेच. पुरळ पार तळव्यांपर्यंत गेलं की या तापाचा संशय घ्यायचाच. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला.

"आज रक्त घेतलं तरी अँटिबॉडी दिसायची नाही, डॉक्टर. ती तयार व्हायला आठवडा जातो."

"तिची वाट बघतंय कोण? पाठवा आत्ता. गोळ्या लगेच सुरू करतो."

ड्रायव्हर मायलेकींना घेऊन गेला. जीप परत येईपर्यंत मी संगीताला विचारलं, "गोठ्यात कोण झोपतं?"

"कुनीच न्हाय. जनावरं इकली, ट्रॅक्टर घेतला. दुपारची कुत्री पडत्यात तेवढी."

मी गोठा बघायला गेले. ती उंबऱ्याशीच थांबली. आत अंधार, जुन्या शेणाचा वास. जमिनीत कुत्र्यांनी उकरलेले खळगे. कोपऱ्यात एक गोधडी, एक तांब्या, एक ताटली. मी दगडावर टेकले, डोळे अंधाराला सरावू दिले. समोरची भिंत दगड-मातीची, चिरा पडलेली. थोड्या वेळानं वाटलं, मातीचे पोपडे निघतायत. मग दिसलं, ते खाली पडत नाहीत. सरकतायत. एकेका चिरेतून एकेक तांबूस ठिपका बाहेर पडत होता, आणि सगळे ठिपके माझ्या दिशेनं येत होते.

कुत्र्यांवरची गोचीड ती. भिंतीच्या चिरेत महिनोन्‌महिने उपाशी राहते. आपण श्वास सोडला की त्यातल्या वायूवरून तिला कळतं, कुणीतरी आलंय. हे मी लोकांना शिकवते. तरीही मी पळत बाहेर आले आणि अंगणात उभी राहून ओढणी झटकू लागले. संगीता हसली नाही.

"ती गोधडी कुणाची?"

"आमची. समद्या बायांची."

"आणि कुणी झोपत नाही म्हणालात?"

तिनं आवाज खाली आणला. "झोपत न्हाय ओ मॅडम. बसतो. म्हैन्याच्या म्हैन्याला."

ती खोटं बोलली नव्हती. पाळीत बाई 'बाहेर बसते', मग रात्रभर तिथं आडवी का असेना. आमच्या प्रश्नावलीत 'कुठे झोपता' होतं, 'कुठे बसता' नव्हतं. धाकटी सूनही तिथंच बसत असणार. तिचं रक्त आता कोण तपासणार?

गोळ्यांनी कोमलचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला. पुढं तिचाही खळगा पिवळा झाला. गोठ्यात फवारणी झाली, चिरा सिमेंटनं लिंपल्या. मी परत गेले तेव्हा मालनबाईंनी कौतुकानं गोठा दाखवला.

"आता काय भ्या न्हाय. खुशाल बसा म्हनावं पोरींना."

मला गोचिडीचाही एवढा संताप आला नव्हता. पण सरकारी पाहुणी मी, बोलणार काय? कोमल जीपपर्यंत सोडायला आली.

"मॅडम, माझ्या रक्ताचा रिपोर्ट अजून द्यायचाय ना? त्याच्यावर लिहा की. आई माझं ऐकत न्हाय, कागदाचं ऐकती."

रिपोर्टवर रिमार्क्सचा रकाना असतो. मी लिहिलं, 'या घरातील कोणत्याही स्त्रीने गोठ्यात बसू अथवा झोपू नये.' डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

मालनबाईंनी तो रिपोर्ट कोमलकडून दोनदा वाचून घेतला.

"किती दिस?" त्यांनी विचारलं.

"कायमचं," कोमल म्हणाली. हे मी लिहिलं नव्हतं.

मालनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. लॅबमध्ये येणाऱ्या नव्या मुलींना आता मी मशीन शिकवण्याआधी रिमार्क्सचा तो रकाना भरायला शिकवते.