कर्णेवाल्याच्या नावाखालचा शब्द

माझ्या माहेरच्या भावकीची वंशावळ करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी रांजणगावच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि मला कॉम्प्युटर येतो. देवळाच्या सभामंडपात मोठा फ्लेक्स लावायचा, यात्रेला सगळ्यांनी आपापलं नाव बघायचं, असं ठरलं होतं. सगळ्यांनी म्हणजे पुरुषांनी. ते कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

माहिती गोळा करताना एका माणसाबद्दल सगळे भरभरून बोलायचे. आजोबांचा चुलतभाऊ. जत्रांना, लग्नांना लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा, म्हणून कर्णेवाला. स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या बांधून हा माइकपाशी बसलेला आणि ओरडतोय, "नवरदेवानं ताबडतोब बोहल्यावर यावं, मुहूर्त टळतोय!" निवडणुकीत सकाळी एका पार्टीच्या जीपमध्ये, दुपारी दुसऱ्या. आवाज तोच, शिव्या तेवढ्या उलट्या.

हे किस्से सांगताना आप्पांना हसून ठसका लागायचा. आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, भावकीतले थोरले.

"लय रंगेल गडी. तसा पुन्हा झाला न्हाई घराण्यात."

"पुढं काय झालं त्यांचं?"

"दौंडला गेला, तिथंच मेला. निर्वंश गेला." आणि माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी नावाखाली तो शब्द स्वतःच लिहिला.

एवढ्या आवाजाचा माणूस दौंडला जाऊन नुसता संपला, हे मला पटेना. एका रविवारी मी दौंडला गेले. रेल्वे वसाहतीच्या मागं एका जुन्या मंडपवाल्याला विचारलं, तर त्यानं सरळ बोट दाखवलं. "ते काय, त्यांच्या मुलीचं घर."

मुलीचं.

ती पंच्याहत्तरीची बाई, नात्यानं माझी आत्या. शाळेत शिपाई होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिनंच त्यांचं सगळं केलं, अग्नीही तिनंच दिला. गावाकडं निरोप धाडला होता. कोणी आलं नाही. मी तो कागद पुढं केला. तिनं चष्मा लावून शब्द वाचला, पुन्हा वाचला.

"आन् मी काय झाडावरनं पडले?"

चहा टाकताना तिनं एकच मागितलं. "बापाच्या खाली माझं नाव घाल. बाकी काय नको."

परतताना वाटेतलं न्हावरं गाव आलं तरी माझं डोकं तापलेलंच होतं. घरी न जाता तशीच आप्पांकडे गेले.

"पोरी, लेकींची नावं सासरच्या वंशावळीत असत्यात."

"माझ्या सासरच्या वंशावळीत नवरा आहे, मुलगा आहे. मी नाही. म्हणजे मुलगा नवऱ्यानं एकट्यानंच जन्माला घातला का?"

"कुठलं कुठं नेतीस! एकीचं घातलं, तर समद्यांच्या लेकी उभ्या राहत्याल."

"राहू द्या की."

"आन् जागा कुठनं आणायची?"

जागा नव्हती. फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात तालुक्याच्या पुढाऱ्याच्या हसऱ्या फोटोला मात्र होती, आणि तो आमच्या भावकीतला नव्हता.

मी फाइल दिली नाही. त्यांनी कच्च्या कागदाचा फोटो शिरूरच्या फ्लेक्सवाल्याला पाठवला आणि छापून आणला. मी आत्याला फोन करून खरं ते सांगितलं. येऊ नका, असंही म्हटलं.

ती आली. यात्रेच्या दिवशी दुपारी जीपमधून उतरली आणि तडक सभामंडपात शिरली. फ्लेक्ससमोर आप्पा पोरांना मुंडावळ्यांचा किस्सा सांगत होते. तिनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"त्या लग्नातली नवरी माझी आई," ती म्हणाली. "ती बोहल्यावर ताटकळत हुती. तिचं कुणी सांगत न्हाई."

आप्पांनी तिला ओळखलं असावं, कारण आवाज एकदम मऊ झाला. "या अक्का, या. पंगत बसतीय, आधी जेवून घ्या."

"जेवते. आधी सांगा, हे निर्वंश कुणी लिवलं?"

"रीत हाय अक्का. वंश म्हंजी पोरगा. राग मानू नका."

"मी अग्नी दिला तवा तुमची रीत कुठं हुती?"

आप्पांनी वाढप्याला हाक मारली. भाजी कमी पडतेय का, ते विचारलं. त्या भाजीनं माझं डोकं फिरलं.

वर्गणीच्या टेबलावरचा जाड मार्कर घेतला, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर चढले. मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, फ्लेक्स नवा हाय!" मी तो शब्द खोडला आणि आत्याचं नाव लिहिलं. वेडंवाकडं आलं, शेजारच्या दोन पुरुषांवरून गेलं.

"आईचंबी घाल," खालून आत्या म्हणाली. तेही घातलं.

आम्ही दोघी पंगतीत बसून जेवलो. आमच्या शेजारच्या पत्रावळ्या रिकाम्या राहिल्या. आत्यानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर आप्पांचा मेसेज आला, 'काही तांत्रिक कारणास्तव वंशावळीचा फ्लेक्स काढण्यात आला आहे.' खाली बावीस हात जोडलेले. मी ग्रुप सोडला आणि दौंडला फोन लावला.

"मग आता भिंतीवर काय हाय?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. नुसते खिळे."

"पुन्हा लावतील तवा सांग," ती म्हणाली. "मी येते."