पलीकडच्या बांगड्या

"काकू, बांगड्या काढा. बरोबर कोण आलंय? त्यांच्याकडे द्या," सीटी स्कॅन करणारी मुलगी म्हणाली. बरोबर कुणीच नव्हतं. तिनं त्या स्वतःच्याच हातात चढवल्या आणि ती काचेपलीकडे गेली. इथे फोटोच्या वेळी सगळेच आपल्याला सोडून बाहेर जातात. वाटलं, शरीराच्या आत बघायची ही विद्या ज्या बायकांनी पुढे नेली, त्याही अंधाऱ्या खोलीत, एक्स-रेच्या फिल्मवर कधी न भेटलेल्या माणसांच्या सावल्या निरखत माझ्यासारख्याच एकट्या बसल्या असतील.

"श्वास रोखा," स्पीकरमधून आवाज आला. पाठोपाठ माझ्याच बांगड्या किणकिणल्या. घरी त्या वाजतात तेव्हा मीच हललेली असते. आज त्या दुसऱ्या खोलीतून ऐकू आल्या आणि घरात कुणीतरी वावरतंय असं वाटलं.

"सोडा श्वास," ती म्हणाली.

मला सोडवेना.