गालातल्या पेढ्याचं उपोषण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे चहा नाकात जायचा नाही. जे सांगणार आहे त्यात माझी पार शोभा झालेली आहे. पण खाली मान घालून सांगेन असं वाटत असेल तर विसरा!

वर्ष दुष्काळाचं. गेवराईकडच्या आमच्या गावात विहिरी कोरड्या, टँकर आला तर आला. मी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. आणि देह कसा? मोटारसायकलवर बसलो की मागचं चाक दिसेनासं व्हायचं! साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जठर छोटं करून टाकू, वजन उतरेल. करून टाकलं! पोट माझं. मी कापून घेईन नाहीतर शिवून घेईन, कुणाच्या बापाचं काय जातं?

पण गावाला सांगायचं कसं? इथं दुष्काळानं माणसं फुकटात वाळायला लागलेली आणि चेअरमन दवाखान्यात पैसे भरून वाळतोय! आमच्या आधीचे चेअरमन बापूराव. माझ्यावर त्यांचा दात. त्यांनी यावर चौकात भाषणच ठोकलं असतं. म्हणून गावात सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खरं ठाऊक फक्त बायकोला, शकुंतलाला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं होतं. घास लहान, बारीक चावून. आधी प्रथिनं, म्हणजे अंडी, पनीर, डाळी. गोड बंद. गोळ्या जन्मभर. आणि दात सांभाळा, दातांच्या डॉक्टरांना दाखवत राहा. पोट लहान झालं की थोडं थोडं सारखं खाणं होतं, आणि त्यात दातांची वाट लागते.

दात? ऑपरेशन पोटाचं, दातांचा काय संबंध? तो ठराव मी तिथंच नामंजूर केला.

आणि प्रथिनांचा विचार मी माझ्या डोक्यानं केला. प्रथिनं कशात? दुधात. दूध आटवलं की खवा, खव्याचा पेढा, तोही आमच्या संस्थेतच होणारा. म्हणजे पेढा काय झाला? आटवलेली प्रथिनं! दूध संस्थेच्या चेअरमनशिवाय हे कुणाला सुचलं असतं, सांगा?

अख्खा पेढा एकदम खाल्ला की छाती धडधडायची, घाम फुटायचा. म्हणून मी चिमूटभर पेढा गालात धरून ठेवायचो. विरघळेल तसा विरघळू दे. तो संपला की दुसरी चिमूट. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत!

शकुंतला मागं लागायची, "अहो, त्या गोळ्या घ्या की. आन् डाळ शिजवलीय, ती खावा दोन चमचे."

"घेतो गं," म्हणून मी गाल बदलायचो.

वजन उतरलं. मोटारसायकलचं चाक दिसायला लागलं. एक दाढ तेवढी ठणकायची. ठणकू दे म्हटलं.

अशात गावातला चारा संपला. जनावरं बाजारात न्यायची वेळ आली, आणि जनावरं गेली की दूध संस्थाही गेली. गावाला चारा छावणी पाहिजे होती. अर्ज देऊन देऊन दमलो, म्हणून एक दिवस सगळे मिळून तहसीलवर गेलो. तहसीलदारसाहेब मीटिंगला! बसलो लिंबाखाली. दुपारी सगळ्यांनी भाकरीची फडकी सोडली.

"चेअरमन, या की. घ्या चतकुर."

"नको."

"कावून?"

कारण थोड्या वेळापूर्वीच घरून आणलेलं वाटीभर वरण आडोशाला जाऊन संपवलं होतं आणि पोटात आता बोटभर जागा नव्हती! पण हे सांगणार कसं? तेवढ्यात भाकरी मोडता मोडता बापूराव म्हणाले, "आमची भाकर गोड लागत न्हाई त्यान्ला आता. लई मोठे झालेत चेअरमन!"

झालं! माझं डोकं फिरलं. ताडकन उठलो आणि ओरडलो, "छावणी मिळाल्याबिगर घास गिळायचा न्हाई म्या!"

लिंबाखाली सगळ्यांच्या भाकरी हातातल्या हातात राहिल्या. आणि मग टाळ्या! कुणी फोटो काढला, कुणी गावाकडं फोन लावला. दिवस मावळायच्या आत मांडव, सतरंजी आणि मागं फलक: आमरण उपोषण. आमरण! अहो, मी फक्त एक चतकोर चुकवत होतो!

शकुंतला धावत आली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "येड लागलंय का? तुमाला उपाशी ऱ्हायचं न्हाई. उठा!"

"उठत नाही. आता छावणी घेऊनच उठेन."

आणि हे थापेचं बोलणं नव्हतं. समोर लोकांनी आपल्या म्हशी आणून बांधल्या होत्या. बरगड्या वर आलेल्या. मी उठलो असतो तर त्या म्हशी थेट बाजाराच्या रस्त्याला लागल्या असत्या. मला गलबलून आलं. शपथेवर सांगतो, पाण्याचे घोट सोडले तर तोंडात काही घातलं नाही. पेढ्याची चिमूटसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दाढेनं डाव साधला. उजवा गाल टम्म!

बापूराव मांडवासमोर आले, माझ्याकडं निरखून बघितलं आणि गरजले, "उपाशी माणसाचा गाल बसतो. ह्यांचा कावून फुगलाय? पेढा हाय गालात! संस्थेचा पेढा! म्या रोज चघळताना बघितलंय ह्यान्ला!"

आता माझं नशीब बघा. त्या दिवशी माझ्या गालात पेढा नव्हता. बाकी सगळे दिवस होता!

"तोंड उघडा!"

"न्हाई उघडत!"

एक तर जबडा उघडायला गेलं की कळ जायची, आणि ती नसती तरी बापूरावांच्या हुकमावर मी तो उघडला नसता. पण लोक कुजबुजायला लागले. एकानं तर म्हशीचं दावं सोडायला घेतलं. मी सतरंजीवरूनच हातानं त्याला थांब थांब म्हणून खुणावलं.

आणि साहेबांची जीप आली! छावणी मंजूर! साहेबांनी मोसंबीच्या रसाचा गार ग्लास माझ्यापुढं धरला. "घ्या चेअरमन, सोडा उपोषण."

गोड आणि बर्फाचं. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणू? मोठा घोट घेतला.

तो घोट सरळ दाढेच्या भोकात! "आई गंऽऽऽ!" मी बसल्या जागेवरून उडालो. अर्धा रस साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

"रसात कायतरी घातलं!" मागून कुणीतरी बोंबललं. माणसं पुढं घुसली. साहेबांचा चेहरा रसापेक्षा पिवळा झाला. त्यांनी माझा उष्टा ग्लास उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा संपवला. "बघा! मी प्यालो! काही नाही त्यात!"

मी मात्र आ वासून ओरडतोच आहे. बापूरावांनी संधी साधली, मोबाईलची बॅटरी लावून माझ्या तोंडात डोकावले.

"पेढा न्हाई रं... दाढंत हीर हाय! येवढी खोल हीर आपल्या शिवारात न्हाई!"

"उपासानं चेअरमनची दाढ गेली!" कुणीतरी आरोळी ठोकली आणि जयजयकार सुरू झाला. गळ्यात हार घालून मला जीपमध्ये कोंबलं आणि बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दारात आमचं अर्धं गाव.

बाईंनी तपासलं. "उपोषण कधीपासून?"

"कालपासनं," दारातून बापूराव.

"ही कीड कालची नाही. कित्येक महिन्यांची आहे, आणि एक नाही, चार दाढा गेल्यात. दिवसभर काय चघळता? आणि वजन भराभर उतरलेलं दिसतंय, पोटाचं ऑपरेशन झालंय का तुमचं?"

शकुंतला पंख्याकडं बघायला लागली. दारातल्या सगळ्या माना आत वळल्या.

थाप मारता आली असती. नाही मारली! सुजलेल्या तोंडानं उठून बसलो आणि म्हणालो, "व्हय, झालंय! गुडघ्याचं न्हाई, पोटाचं. पेढे बी चघळले. पर काल-आज चघळला न्हाई! आन् छावणी आणली का न्हाई, सांगा!"

दारातली माणसं बाजूला सरकली. मग बापूराव आत आले. "आणली बे. पर म्या भाकर देत हुतो तवाच सांगायचं की. चतकुराचं चतकुर करून दिलं असतं."

चारही दाढा काढाव्या लागल्या. तरी छावणीतून फिरताना माझी छाती पुढंच असते, अजूनही! आता अंडं खातो, डाळ खातो, गोळ्या घेतो. पेढा बंद. परवा छावणीत बसून शकुंतलानं दिलेलं पनीर गिळायची घाई करत होतो, तर तिनं समोरच्या म्हशीकडं बोट दाखवलं. म्हैस डोळे मिटून निवांत रवंथ करत होती.

"बघा, कशी चावतीय. शिका जरा तिच्याकडनं."

"तिला काय, तिचे दात शाबूत आहेत!" मी म्हणालो.

"म्हशीला वरचे पुढचे दात देवानं दिलेलेच नसत्यात, चेअरमन. तुमाला दिलते!"