सरकारी दवाखान्यातली पोरगी

आप्पांनी मला फाट्यावर सोडलं तेव्हा मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. एक पाय जमिनीवर, हात हँडलवर आणि तोंड देवीच्या गडाकडे. मागे बांधलेली कपड्यांची बॅग मीच सोडून घेतली. नाशिकची एसटी वळणावर दिसली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कर हौस महिनाभर. मग ये." आणि गाडी वळवून निघून गेले. मी खिडकीतून हात केला तोवर रस्त्यावर नुसती धूळ होती.

जी पोरं कॅनडा-जर्मनीला गेलीत ती हे वाचून हसतील. हसा. वणीजवळच्या गावातून निघून मी गेले कुठे, तर देवळाली कॅम्पला. बस बदलत गेलं तरी सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. माझा चुलतभाऊ टोरंटोला निघाला तेव्हा अर्धं गाव त्याला सोडायला गेलं होतं, हार काय, पेढे काय. त्याने बर्फाचा फोटो टाकला की फॅमिली ग्रुपवर अंगठेच अंगठे. मी घोड्यावर बसलेला फोटो टाकला तर ग्रुप चिडीचूप. संध्याकाळी एका काकूंनी विचारलं, कोणाची वरात होती गं?

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्याकडे घोड्यावर बसतो तो नवरदेव. तोही आयुष्यात एकदाच, मुंडावळ्या बांधून, दोन्हीकडून दोन माणसांनी धरलेला, मारुतीच्या देवळापर्यंत. बाईमाणूस घोड्यावर म्हणजे सर्कस. मी पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केला तेव्हा घरच्यांच्या मनात साधा हिशोब होता: गावात जनावरांचा छोटा दवाखाना काढायचा आणि वर्षभरात चांगलं स्थळ बघायचं. पण डिप्लोमात असताना आम्हाला काही दिवस कॅम्पातल्या एका घोडेस्वारीच्या शाळेत शिकायला पाठवलं. तिथे शबनम नावाची पांढरी घोडी होती. तिने माझ्या खांद्यावर तोंड टेकवलं, ऊन ऊन श्वास सोडला आणि माझं कामच तमाम झालं. शाळा चालवणारे साहेब फौजेतून निवृत्त झालेले रिसालदार, मूळचे हरियाणाचे. जाताना त्यांनी विचारलं, काम करेगी बेटा? मी तिथल्या तिथे हो म्हणाले. विचार नंतर घरी जाऊन करावा लागला, आणि तो सगळ्यांनी मिळून केला, मी सोडून.

आता माझं बोलणंच बदललंय. आई म्हणते, तुझं निम्मं कळत नाय. दिवसभर तोंडात ट्रॉट, कँटर असल्या घोड्याच्या चाली, लगाम ढीला छोडो, हील्स डाऊन बेटा. सकाळी खरारा, खूर साफ करायचे, चारा, लीद. मग पोरांचे क्लास. खोलीवर आले की बटर नावाचा लंगडा कुत्रा आणि जिलबी नावाची मांजर वाट बघत असतात. दोघंही रस्त्यावरून आलेली आणि आता घरमालक असल्यासारखी वागतात. गावाकडे कुत्रा अंगणात, भाकरीचा तुकडा खाऊन राखणीला. इथे बटर माझ्या गादीवर आडवा पसरतो आणि मी कडेला अंग चोरून. आईने व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "कुत्र्याला गादी आन् माणसाला सतरंजी," म्हणाली. मग हळूच विचारलं, त्याचा पाय आता दुखतो का गं?

गावाची आठवण येते का असं मैत्रिणी विचारतात. येते की, का नाही येणार. सगळ्यात जास्त येते ती वादळ आलं की. एप्रिल-मे महिन्यात डोंगरामागून काळं वर यायला लागलं की आई हातातलं पीठ झटकून बाहेर पळायची, कारण कांदा उघड्यावर पडलेला असायचा. ताडपत्री धरायला घरातले सगळे. मी लहान होते तेव्हा मला एका कोपऱ्यावर बसवायचे, ताडपत्री उडू नये म्हणून. वीज कडाडली की मी किंचाळायचे, पण कोपरा सोडला नाही कधी.

आप्पा मात्र कांद्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते गोठ्याकडे धावायचे. माझ्या जन्माच्या आधी एका वादळात गोठ्याची भिंत पडली आणि दावणीला बांधलेला त्यांचा बैल जागच्या जागी गेला. तेव्हापासून आमच्या घरचा नेम: वारं उठलं की आधी दावं सोडायचं. "मोकळं असलं की जनावर आपलं आपण बघतं," असं ते म्हणायचे. आणि खरंच, आमची गाई-बैलं बांधावर जाऊन वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि पाऊस थांबला की आपोआप गोठ्यात यायची.

घोड्यांचं बरोबर उलटं. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं ते हे. घोडा घाबरला की पळतो, आणि पळायला लागला की कशाला पळतोय हेही विसरतो. म्हणून वारं सुटलं की सगळे आत, तबेल्याची दारं बंद, मुख्य फाटकाला कडी, आणि एकाने आत थांबून सारखं काहीतरी बोलत राहायचं. काय बोलायचं याला महत्त्व नाही. मी त्यांना आमटीची रेसिपी सांगते.

महिनाभराची हौस दोन वर्षं चालली. आप्पा एकदाही आले नाहीत. सणाला मी घरी जायचे तेव्हा पाऊसपाण्याचं बोलायचे, गाईचं दूध किती, टोमॅटोचा भाव काय, पण माझ्या कामाबद्दल चकार शब्द नाही. मग एकदा आईकडून कळलं की त्यांनी गावात सांगून ठेवलंय, पोरगी कॅम्पला सरकारी दवाखान्यात आहे. जनावरांच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, मग काय सांगू लोकांना, लीद काढती म्हणून? मी रडत फोन ठेवला.

आणि मागच्या मे महिन्यात एके दिवशी दुपारी आप्पा स्वतः शाळेच्या फाटकात उभे. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेली पिशवी. मला इतका आनंद झाला की मी हातातली बादली टाकून पळत गेले. पण ते बघायला आले नव्हते, न्यायला आले होते. मामांनी पिंपळगावकडचं स्थळ आणलं होतं. द्राक्षबाग, बंगला, मुलगा निर्व्यसनी. त्यांना सरकारी नोकरीवाली मुलगी हवी होती, आणि लग्नानंतर नोकरी सोडणारीही हवी होती. यातलं कोडं मला आजवर सुटलेलं नाही. पाहुणे दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. "सामान बांध, संध्याकाळच्या गाडीनं निघायचं," आप्पा म्हणाले. घरी गेल्यावर त्या बैठकीत मी मान खाली घालून सरकारी दवाखान्याचं सांगायचं होतं. एकदा गेले असते तर इथे परत आले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. नाही म्हणावं तर बाप पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नव्हता. मी म्हटलं, एवढा क्लास होऊ द्या, मग बोलू. ते तबेल्यासमोरच्या बाजेवर जाऊन बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. साहेब बाजारात गेले होते.

क्लास अर्ध्यावर आला आणि शबनमने कान टवकारले. मी तिच्यावरच होते. आभाळ अजून पांढरंच होतं, पण शबनमला हवामान खात्याच्या आधी कळतं. मी पोरांना घोड्यांवरून उतरवलं, घोडे आत नेऊन बांधले आणि पोरांना ऑफिसच्या खोलीत त्यांच्या आयांकडे पोचवायला गेले. शबनमचं खोगीर काढायचं राहिलं, तिला ऑफिसच्या व्हरांड्यातच अडकवलं. तेवढ्यात वारा असा आला की निलगिरीची फांदी कडकन मोडून पडली. तबेल्यावरचा एक पत्रा सुटला आणि धाड धाड आपटायला लागला. आत घोडे खिंकाळत होते.

आप्पांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना जे आयुष्यभर येत होतं ते त्यांनी केलं. धावत आत गेले, एकेकाची दोरी सोडली, दारं उघडली, आणि जनावरांना मोकळं रान मिळावं म्हणून मुख्य फाटकही सताड उघडलं.

मी बाहेर आले तेव्हा दोन म्हातारे घोडे जागेवरच थरथरत उभे होते, आणि सुलतान नावाचा घोडा आणि लाडू नावाचा तट्टू फाटकातून बाहेर गेलेले होते. समोर कॅम्पाचा मोठा रस्ता, त्यावर बस, ट्रक, रिक्षा. आप्पा फाटकाशी उभे. "थांबतील गं आत्ता. बांधाला थांबतील," ते म्हणत होते. तिथे कुठला आलाय बांध.

मी शबनमला सोडलं आणि तिच्यावर चढले. घोडा कधी पळवायचा नाही अशा हवेत तिला पळवलं. खोटं कशाला सांगू, मी मोठमोठ्याने देवीचं नाव घेत होते. पाऊस तोंडावर खड्यांसारखा लागत होता. लाडू लगेच सापडला. भाजीवाल्या मावशींच्या गाडीखाली अर्धा घुसून तो कोबी खात होता आणि मावशी त्याला छत्रीने ढकलत होत्या. त्यांनाच म्हटलं धरून ठेवा, खाऊ द्या, पैसे देते. सुलतान पुढे मैदानाच्या कुंपणाशी होता. तारेत अडकून त्याचा पुढचा पाय फाटला होता आणि वीज चमकली की तो मागच्या पायांवर उभा राहत होता. मी उतरले. शबनमला त्याच्याजवळ नेलं, कारण घोड्याला माणसापेक्षा घोड्याचा धीर जास्त. मग त्याच्या गळ्यात ओढणी टाकली आणि आमटी सांगायला सुरुवात केली. फोडणीला मोहरी, मग कढीपत्ता. खोबऱ्यापर्यंत आले तेव्हा त्याने मान खाली घातली.

परत फिरले तर समोरून आप्पा पळत येत होते. डोक्यावर टोपी नाही, पायात एकच चप्पल, चिंब भिजलेले. आयुष्यात मी त्यांना बोडकं रस्त्यावर पाहिलं नव्हतं. सुलतानच्या पायाचं रक्त पाहून ते मटकन खाली बसले. "दुसऱ्याचं जनावर हाय," एवढंच दोनदा म्हणाले. स्वतःचं गेलं तर माणूस सोसतो, पण दुसऱ्याच्या जनावराला इजा करणं हे आमच्याकडे पापच. मी त्यांच्यावर ओरडणार होते, अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच गिळलं. म्हटलं आप्पा उठा, लाडूला धरा, मला एकटीला तिघं नेववणार नाहीत.

तबेल्यात मी जखम धुवायला घेतली. टाके घालायला डॉक्टरांना फोन केला होता, पण तोवर रक्त थांबवायला हवं होतं आणि सुलतान एका जागी उभा राहीना. आप्पा न सांगता पुढे आले. त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं, डोळ्यावर तळवा ठेवला आणि बैलाला बोलतात तसं हो राजा, हो राजा करत राहिले. त्या दिवसापर्यंत घोड्याला हात न लावलेला माणूस. सुलतान उभा राहिला. मी पट्टी बांधत होते आणि ते माझ्या हातांकडे बघत होते. दोन वर्षांत ते माझ्या कामाकडे पहिल्यांदाच बघत होते.

साहेब आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी हात जोडले. "मैंने छोडा, साहेब. पोरीची गलती नाय." साहेबांनी सुलतानचा पाय पाहिला, फाटक पाहिलं, आप्पांच्या पायातली एकच चप्पल पाहिली. चिडले होते, ते कळत होतं. पण म्हणाले, किसान आदमी है, किसान ने जानवर बचाया, और क्या. मग चहा मागवला.

संध्याकाळची गाडी गेलीच होती. आप्पा माझ्या खोलीवर राहिले. मी केलेलं पिठलं दोनदा मागून घेतलं. बटर त्यांच्या पायाशी जाऊन पडला, त्यांनी त्याला हाकललं नाही.

सकाळी मी सुलतानची पट्टी बदलून परतले तर ते दारात उभे राहून फोनवर बोलत होते. मामांचा फोन, पाहुणे निघायच्या तयारीत आहेत, तुम्ही अजून कॅम्पला कसे म्हणून. आप्पांचं फोनवरचं बोलणं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं. "पोरगी घोडे शिकवती," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यात नाय. मी खोटं बोललो होतो. आन् ती काय काम सोडणार नाय. त्यांना बघायची तर इथं येऊन बघा म्हणावं, घोड्यावर बसलेली."

पलीकडून मामा बरंच काही बोलले. आप्पांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. माझ्याकडे न बघता चप्पल विकत घ्यायला बाजारात गेले. मी जिलबीला पोटाशी धरून दारातच बसून रडले.

पाहुणे आले नाहीत, ते येणार नव्हतेच. गावात बोलणं झालं, आईला ऐकून घ्यावं लागलं, मामा अजून धड बोलत नाहीत. ज्यांना वाटत असेल की त्या एका फोनने सगळं गोड झालं, त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही. आप्पांचंही मन पूर्ण वळलंय असं नाही, स्थळं बघणं चालूच आहे. पण सांगताना आता खरं सांगतात.

तुम्ही लांब गेलेले सगळे म्हणता की घर परकं होत जातं. माझं घर तर जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तरी मला ते दोन वर्षं परकं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. आता कळतं. तिथे माझ्या नावाने दुसरीच एक पोरगी राहत होती. सरकारी नोकरीतली, मान खाली घालणारी, आप्पांना अभिमान वाटावा अशी. सगळे तिची चौकशी करायचे, तिलाच स्थळं यायची. मी सणाला जायचे ती तिच्या घरी पाहुणी म्हणून. परवा गेले तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी आप्पांना विचारलं, कोण आली रे? आप्पा म्हणाले, आमची घोडेवाली. मी सरळ आत गेले, हातपाय धुतले आणि भूक लागली म्हणून ओरडले.